इतिहास-साहित्याला प्रवेश घेताना सेमिनारची चौकशी करा

बारावीनंतर मुलीने इतिहास किंवा मराठी साहित्य घेऊन बी.ए. करायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न येतो, पुढे नोकरी कसली मिळणार? प्रश्न रास्त आहे आणि घर चालवणाऱ्याने तो विचारायलाच हवा. पण नुसत्या विषयाच्या नावावरून त्याचे उत्तर मिळत नाही. एकाच विद्यापीठाची, एकाच अभ्यासक्रमाची पदवी घेतलेल्या दोन विद्यार्थ्यांत शेवटी जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. एकाने उतरवून घेतलेल्या नोट्स आणि ‘अपेक्षित’ पाठ केलेले असते, तर दुसऱ्याकडून कोणीतरी वाचून, बोलून, लिहून आणि पुन्हा लिहून घेतलेले असते. म्हणून माझे म्हणणे असे की कॉलेज निवडताना इमारत, निकालाची टक्केवारी आणि नॅकची श्रेणी बघण्याआधी त्या विभागातल्या प्राध्यापकांना भेटावे आणि विचारावे, ‘तुमचा सेमिनार कसा चालतो?’ शिक्षक त्याबद्दल किती तपशिलाने बोलतात, यावरून तिथल्या पदवीचा कस कळतो.

सेमिनार म्हणजे एकाने उभे राहून निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा समज आपल्याकडे रूढ आहे. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये लिओपोल्ड फॉन रांके याने विद्यार्थ्यांना मूळ साधनांची चिकित्सा करायला बसवले, तेव्हापासून इतिहासाच्या सेमिनारचा गाभा तोच राहिला आहे. साधन सगळ्यांच्या समोर असते आणि प्रत्येक विधानाला पुरावा मागितला जातो. पानिपत घ्या. भाऊसाहेबांची बखर वाचताना १७६१ चा तो पराभव डोळ्यांसमोर उभा राहतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत. बखर आणि पत्रे शेजारी ठेवली की प्रश्नांना तोंड फुटते. पत्र लिहिणारा स्वतः तिथे होता, की ऐकीव सांगतो आहे? पैशांची ओढाताण कोणत्या पत्रात दिसते? बखरकाराला ही संभाषणे कुठून कळली? इतिहासाचे शिक्षक इथे बखरीवर शंका घ्यायला शिकवतात. साहित्याचे शिक्षक तीच बखर उघडून विचारतात, की शंका येऊनही हे गद्य मनाची पकड का सोडत नाही, निवेदनाची गती नेमकी कुठे वाढते? जोतीराव फुले यांचा शिवाजी महाराजांवरचा १८६९ चा पवाडा आणि न्यायमूर्ती रानडे यांचे मराठी सत्तेच्या उदयावरचे १९०० मधले इंग्रजी पुस्तक एकत्र वाचायला दिले, तर काम आणखी अवघड होते. दोघे कोणासाठी लिहीत होते, काय सिद्ध करू पाहत होते, हे वेगवेगळ्या घरांतून आणि जातींतून आलेल्या मुलांनी आवाज न चढवता बोलायचे असते. हे ज्याला साधले, त्याला पुढे कोणत्याही कचेरीतल्या बैठकीची भीती वाटू नये.

या कामाला बाहेर मागणी आहे का? स्पर्धा परीक्षांपासून पाहू. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा आणि मुलाखत २७५ गुणांची असते. एमपीएससीनेही २०२५ पासून राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेला तीच वर्णनात्मक पद्धत लागू केली आहे. पर्यायांतून अचूक उत्तर टिपण्याच्या सरावाने हा पेपर लिहिता येत नाही. दिलेल्या वेळात मुद्दा मांडून आधार देणे आणि विरुद्ध बाजूची दखल घेणे हा सेमिनारचा नेहमीचाच व्यायाम आहे. तरीही केवळ यूपीएससीसाठी बी.ए. करू नये. तिथे जागा हजाराच्या आसपास आणि अर्ज लाखांत असतात. त्याच सवयी वृत्तपत्राच्या डेस्कवर, प्रकाशनगृहात, अनुवादात, वकिलीत आणि माहितीपटाच्या संशोधनातही लागतात. मोडी हे आणखी ठळक उदाहरण आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा जुने दप्तर वाचू शकणाऱ्या मोडी जाणकारांची निकड जिल्ह्याजिल्ह्यांत भासली. कॉलेजात असताना मोडीशी झटलेल्या विद्यार्थ्याला अशा वेळी हातात काम असते.

‘हे सगळे ठीक, पण खात्री काय?’ असे पालक म्हणतील. खात्री नाही, आणि ती देणाऱ्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नये. प्राध्यापकीच्या वाटेबद्दल तर स्पष्ट सांगायला हवे. नेट-सेट होऊनही अनेकांना तासिका तत्त्वावर, अपुऱ्या मानधनात वर्षे काढावी लागतात. तेवढाच एक मार्ग डोळ्यांसमोर असेल, तर घराची ऐपत पाहून निर्णय घ्यावा. दुसरा आक्षेप असा, की बऱ्याच कॉलेजांत सेमिनार हा अंतर्गत गुणांचा उपचार झाला आहे आणि आता तर मजकूर मोबाईलच लिहून देतो. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच चौकशी करायची. गेल्या वर्षी मुलांनी कोणती मूळ साधने वाचली? एका गटात किती जण बसतात? लिहिलेले टिपण दुरुस्त्यांसह परत मिळते का आणि पुन्हा लिहून घेतात का? जो शिक्षक समोर बसवून ‘हे वाक्य कशाच्या आधारावर?’ असे विचारतो, त्याच्यापुढे उसना मजकूर दोन मिनिटेही टिकत नाही. या प्रश्नांना ‘आमच्याकडे सगळ्या सुविधा आहेत’ एवढेच उत्तर आले, तर दुसरे कॉलेज पाहावे.

सगळ्यात जास्त काळजी मला तिसऱ्या आक्षेपाची वाटते. घरात पहिल्यांदाच कॉलेजला जाणारी, चारचौघांत न बोललेली मुलगी या चर्चेत मागेच बसून राहील, आणि बोलघेवड्या मुलांचे फावेल. वाईट सेमिनारमध्ये नेमके हेच घडते. चांगले शिक्षक आधी सगळ्यांकडून अर्ध्या पानाचे टिपण घेतात, ते वाचून येतात आणि मग एकेकाला त्याच्याच मुद्द्यावरून बोलते करतात. बोलीतले उत्तर चालते, इंग्रजीचा धाक नसतो. जात्यावरच्या ओव्या, शेतसाऱ्याची भाषा, गावातल्या वादांचे संदर्भ अशा मुलीला शहरी मुलांपेक्षा कितीतरी आधी कळतात. तेव्हा चौकशीला जाताना मुलीला बरोबर न्या आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. जवळपास असा विभाग नसेल, तर प्रवेश मिळेल तिथे घ्यावा, पण चार-पाच जणांचा वाचनगट करून दर आठवड्याला एक पत्र, एक कथा किंवा एक प्रकरण घ्यावे आणि एखाद्या प्राध्यापकांना टिपणे तपासून देण्याची विनंती करावी. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी प्रशिक्षण वर्ग आहेत. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. राजवाड्यांचे खंड जुन्या ग्रंथालयांत आजही सापडतात, आणि पहिल्या वर्षीच ते मागून घ्यायला हरकत नाही.