गोठ्याचे कुशल, घराचे कुशल
मणिबेलीच्या निमित्ताने एक अभ्यास

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे सातपुड्याच्या डोंगररांगांत नर्मदेच्या तीरावर वसलेले आदिवासी गाव होय. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातील ३३ गावे आली. धरणाकडून वर येताना त्यांत पहिले लागते ते मणिबेली. गावातील काही कुटुंबांचे पुनर्वसन गुजरातमधील परवेटा येथे झाले, तर काही कुटुंबे डोंगरउतारावर वर सरकून गावातच राहिली. २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला.

अशा गावाच्या हानीचा हिशेब मांडताना घर, शेत आणि झाड यांची मोजदाद होते. गुरांच्या वाट्याचे काय गेले, हा प्रश्न मात्र सहसा मागे राहतो. नदीकाठची चराई, पाण्यावर उतरण्याची सवयीची वाट आणि उन्हाळ्यातील सावली ही गुरांची मालमत्ता असते. तिची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर नसते. ती गेली म्हणजे जनावर खंगते आणि जनावर खंगले म्हणजे घर खंगते. पशुकल्याण आणि पशुपालकाचे कल्याण यांचा संबंध समजून घेण्यास मणिबेलीसारखे दुसरे उदाहरण शोधावयास नको.

नात्याची जुनी जाणीव

हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे शोधताना चराऊ रानांवर जंगलखात्याने घातलेल्या निर्बंधांचा आणि त्यामुळे झालेल्या गुरांच्या हालांचा विचार केला आहे. शेतकऱ्याचे दारिद्र्य आणि बैलाची उपासमार ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

मुंबईच्या दूधव्यवसायाचा इतिहासही हेच सांगतो. शहरातील कोंदट तबेल्यांत दूरदूरच्या प्रांतांतून निवडक दुधाळ म्हशी आणल्या जात. म्हैस आटली की तिला पुन्हा वितीपर्यंत पोसणे परवडत नसे. ती कसायाकडे जाई आणि पारडी उपासमारीने मरत. परिणामी देशातील उत्तमोत्तम म्हशींचा वंश एकेका वेतात संपत असे. या तबेल्यांना शहराबाहेर जागा देण्यासाठी १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. जनावराकडे केवळ एका वेताचे यंत्र म्हणून पाहिल्याने अखेरीस दूधधंद्याचेच मूळ कसे उखडते, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

पाच कसोट्या

ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रँबेल समितीने पाळीव जनावरांच्या स्थितीविषयी अहवाल दिला. त्यातून पुढे पाच कसोट्या रूढ झाल्या : भूक-तहान नसावी, निवारा सुखाचा असावा, दुखापत व रोग यांवर वेळीच उपाय व्हावा, जातिस्वभावानुसार हिंडण्या-फिरण्याची मोकळीक असावी आणि भीती व क्लेश नसावेत. आपल्याकडे १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाने जनावराची नीट काळजी घेणे हे धन्याचे कर्तव्य ठरविले आहे.

या कसोट्या भूतदयेच्या आहेत, तशाच त्या हिशेबाच्याही आहेत. एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून सुमारे चारशे ते पाचशे लिटर रक्त वाहावे लागते. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते; तहानलेली गाय दूध देणार कोठून? पान्हा सुटणे हे ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर अवलंबून असते आणि त्याचा परिणाम पाच-सात मिनिटेच टिकतो. धारेच्या वेळी आरडाओरड किंवा मारहाण झाली, तर भयाने रक्तात उतरणारे अॅड्रिनॅलिन हा पान्हा रोखून धरते. दूध कासेतच राहते, पुढे कासदाहाचा धोका वाढतो आणि औषधाचा खर्च घरावर येतो.

आरोग्याचे नाते तर याहून जवळचे आहे. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेल्लोसिस, हा रोग गाईचा गर्भ पाडतो. तोच कच्च्या दुधातून किंवा वार उघड्या हाताने काढताना माणसास जडतो आणि दीर्घकाळ ताप व सांधेदुखी मागे लावतो. गोठ्यातील काम पुष्कळदा स्त्रियाच करतात. म्हणून हा धोकाही प्रथम त्यांनाच असतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना या रोगाची लस टोचण्यात येते. ती लस गुरास टोचली तरी संरक्षण घरासही मिळते.

हे नाते उलट दिशेनेही चालते. नॉर्वेतील दुग्धव्यावसायिकांविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पशुपालकाचे स्वास्थ्य आणि त्याच्या जनावरांची स्थिती यांत संबंध आढळून आला. कर्जाने व काळजीने ग्रासलेल्या माणसाच्या हातून दावणीकडे दुर्लक्ष होते. त्यास निर्दय म्हणून दूषण देण्यापूर्वी त्याची अडचण समजून घेणे इष्ट ठरते.

योजनेची गाय आणि डोंगरातील गाव

आता पुन्हा मणिबेलीकडे वळू. सातपुड्यातील आदिवासी घरात गाय-बैल हे मुख्यतः नांगराचे, खताचे आणि अडीअडचणीच्या वेळी उपयोगी पडणारे धन आहे. दुधाचा विचार त्यानंतर येतो. तेथील लहान चणीचे गावरान जनावर दूध थोडे देते. पण ते डोंगर चढते, ऊन सोसते आणि पालापाचोळ्यावर तग धरते.

अशा ठिकाणी दुधाळ जनावरांचे वाटप करण्याची कल्पना सद्हेतूची असली, तरी आधी काही गणित मांडावयास हवे. चारशे किलो वजनाच्या संकरित गाईस दररोज दहा ते बारा किलो शुष्क चारा-खाद्य लागते. म्हणजे साधारणपणे वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो कडबा आणि दुधाच्या प्रमाणात पेंड. ज्या गावाची काठची जमीन पाण्याखाली गेली, तेथे हा चारा कोठून येणार? विदेशी रक्ताची गाय पारा पंचविशीच्या फार वर गेला की चारा कमी खाते. नंदुरबारचा उन्हाळा तर चाळिशी ओलांडतो. दूध काही तासांत थंड झाले नाही तर नासते. पावसाळ्यात ते संकलन केंद्रावर पोहोचविण्याचा रस्ता आहे काय? गाय रात्री अडली तर पशुवैद्यक किती तासांत येईल?

या प्रश्नांची उत्तरे नसताना आलेली गाय एक-दोन वेतांतच हाडांचा सापळा होते. तिचे हाल होतात आणि घराच्या माथी कर्ज राहते. उलटपक्षी, दूध विकले गेलेच, तरी घरातील मुलाच्या पेल्यात आणि वासराच्या तोंडी काही उरते काय, हेही पाहिले पाहिजे. कुपोषणाशी झुंजणाऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न गौण मानता येणार नाही.

गावपातळीवर काय करता येईल?

नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात पुनर्वसित वसाहतींसाठी दर पन्नास कुटुंबांमागे एक विहीर आणि तिच्याजवळ गुरांसाठी डोण असावी, असे नमूद केले होते. गुरांचाही विचार नियोजनात असावा, याची ही खूण होय. परंतु डोणीबरोबर चराईही लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क मान्य केला आहे आणि अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने ग्रामसभेस विशेष अधिकार आहेत. चराऊ रानाचे भाग पाडून ते आळीपाळीने राखणे, बांधावर वैरणीची झाडे लावणे आणि जलाशय ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळात गुरे रुतू नयेत म्हणून पाण्याची पक्की वाट राखणे, ही कामे ग्रामसभेने आराखड्यात घ्यावीत.

पंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या यांच्या लसीकरणाचा दिवस गावास आधी कळवावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक चावडीवर ठळक लिहावा. शिक्षकांनी मुलांना चिकाचे महत्त्व सांगावे : वासरास जन्मल्यापासून तासाभरात चीक मिळाला, तर रोगप्रतिकाराची शक्ती त्याच्या अंगी चांगली येते. अधिकाऱ्यांनी योजनेचे यश वाटलेल्या गाईंच्या संख्येवर मोजू नये. दोन वर्षांनी ती गाय जिवंत आहे काय, पुन्हा गाभण राहिली काय आणि घरातील मूल दूध पिते काय, या तीन गोष्टी तपासाव्यात.

गुरास बोलता येत नाही; त्याची तक्रार त्याच्या बरगड्यांवर आणि डोळ्यांत उमटते. ती वाचता येणारा कार्यकर्ता त्या घराची तक्रारही वाचू शकेल. दावणीला गाय बांधण्यापूर्वी गव्हाणीत चारा आणि डोणीत पाणी असावे, एवढी दक्षता घेतली तरी मणिबेलीसारख्या गावांतील गुरांचे आणि माणसांचेही बरेचसे हाल टळतील.