प्रकाशसंश्लेषण: काय जोडले जाते?

काकतीतल्या मुलांना हा धडा शिकवताना मी आधी शब्द फोडतो. संश्लेषण म्हणजे जोडणे. कन्नड पुस्तकात याच क्रियेला द्युतिसंश्लेषणे म्हणतात. द्युती म्हणजेही प्रकाशच. पण काय जोडायचे, हे दोन्ही शब्द सांगत नाहीत. म्हणून मुले खतालाच झाडाचे अन्न समजतात. (घरीही तसेच बोलले जाते.) खत लागते, पण उसाची साखर त्यातून होत नाही. हरितद्रव्य प्रकाश शोषते, त्या ऊर्जेने पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू बाहेर पडतो आणि उरलेला हायड्रोजन पर्णरंध्रांतून आलेल्या कार्बन डायऑक्साइडशी जोडला जातो. साखरेतला सगळा कार्बन हवेतला.

भात आणि ऊस इथे बांधाला बांध लागून असतात, तरी त्यांची रीत वेगळी. भातातले विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी अधूनमधून प्राणवायूच धरते. मग जोडलेला थोडा कार्बन हवेत परत जातो. कडक उन्हात हे नुकसान वाढते. ऊस मात्र कार्बन आधी चार कार्बनांच्या आम्लात बांधतो, शिरांभोवतीच्या पेशींत नेतो आणि तिथे वायू दाट करतो. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली ही वाट मांडली, तीही उसाच्याच पानांवरून. पुस्तकात तिला 'सी-४' म्हणतात. मी वर्गात 'चार कार्बनी' म्हणतो.