रंगांकित संहितेचे रेखाटन आणि देवनागरी अक्षर

चिकित्सक आवृत्ती संगणकावर सिद्ध करताना पाठभेद, टीप, प्रक्षेप यांच्या खुणा संहितेतच लिहाव्या लागतात. १९८७ साली प्रारंभ झालेल्या टी. ई. आय. या उपक्रमाने त्यांची एक पद्धत घालून दिली. हे काम पुष्कळदा प्रोग्रामरांच्या कोड एडिटरमध्ये होते, कारण तेथे खुणा एका रंगात व मूळ पाठ दुसऱ्या रंगात दिसतो. रंगांचे हे रेखाटन जलद व्हावे म्हणून योजलेल्या उपायांचा देवनागरी पाठावर काय परिणाम होतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पडदा सेकंदाला ६० वेळा नवा होतो असे धरल्यास एका रेखाटनास जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात दहा हजार ओळींचे रंग पुन्हा ठरविणे अशक्यप्राय होय. म्हणून दृश्य ओळीच तेवढ्या रेखाटतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी विश्लेषण कोणत्या स्थितीत होते याची नोंद ठेवतात. एखादी ओळ बदलली की विश्लेषण तेथून पुढे चालते. ओळीअखेरची स्थिती पूर्वीच्या नोंदीशी जुळताच ते थांबते. (टीप उघडून मिटवायची राहिली, तर मात्र पुढचा सारा ग्रंथ टीपेच्या रंगात बुडतो.) या उपायांना लिपीचे बंधन नाही.

अडचण पुढच्या उपायात आहे. रोमन अक्षराची प्रतिमा एकदाच तयार करून साठवावी व लागेल तेथे चिकटवावी. सर्व अक्षरे समान रुंदीची असल्यास स्थान केवळ गुणाकाराने काढावे. २०१५ साली आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये असा गुणाकार समरुंद टंकातील निव्वळ आस्की ओळीपुरताच राखला आहे. अन्य ओळींची मोजमापे ब्राउझरला विचारली जातात. ही सावधगिरी खर्चिक खरी, पण योग्यच म्हटली पाहिजे.

‘क्षिती’ या शब्दातील पहिले अक्षर चार संकेतांचे आहे : क, हलन्तचिन्ह, ष आणि ऱ्हस्व इकार. शेवटी येणारा इकार दिसतो मात्र सर्वांआधी. सुट्या प्रतिमा ओळीने मांडून हे रूप साधणार नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील अर्थभेदही र आणि ऱ या भिन्न संकेतांनी व पुढच्या संयोगाने व्यक्त होतो. संयोग मोडून पडद्यावर पायमोडका ऱ उमटला, तर तो पाय लेखनिकाने मोडला की यंत्राने, हे वाचकास कसे कळावे? पोथीच्या संपादनात हलन्त हा पुरावा असतो. शोधलेल्या ‘क’ला रंग देताना रंगाचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे रेखाटला, तरी क्ष असाच फुटू शकतो.

तेव्हा रूप आधी संपूर्ण शब्दाचे सिद्ध करावे, रंग मागाहून चढवावा. रूपसिद्धीचे काम हार्फबझसारखी प्रणाली करते. तिला रंगाशी कर्तव्य नाही. सिद्ध झालेले रूप शब्द, टंक व आकार यांनुसार साठविले, तर ‘आणि’, ‘म्हणे’ यांसारखे शब्द शेकडो वेळा आले तरी श्रम एकदाच पडतात. दीर्घ समासांच्या संस्कृत टीकेत, किंवा शब्द न तोडता लिहिलेल्या पोथीच्या यथामूल प्रतीत, हा लाभ घटतो, कारण तेथे तोच अखंड तुकडा क्वचितच पुन्हा येतो. अशा संहितेसाठी साठवणुकीचे एकक संपूर्ण जोडाक्षरापर्यंत खाली आणता येईल. त्याखाली मात्र नाही.