ओझोनचे छत्र

वैशाखातील दुपारी कडावच्या शिवारात आपली सावली पायाशीच गोळा होते. त्या उन्हातील घातक अतिनील किरणे बहुतांशी वरच्या वर अडवतो तो ओझोन वायू.

अंटार्क्टिकावर वसंत ऋतूत हा थर विरळ होत असल्याचे १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. शीतकपाटे व फवाऱ्यांतील क्लोरोफ्लुरोकार्बन हे त्याचे कारण. ध्रुवीय हिवाळ्यात उणे ७८ अंशांखाली बनणाऱ्या ढगांवर त्यातील क्लोरीन क्रियाशील होतो आणि सप्टेंबरात सूर्य परतताच ओझोनचा नाश करू लागतो. मग तेथे अतिनील किरणे वाढतात. त्वचा, डोळे व सागरी प्लवकांना अपाय होतो. 'मैत्री' या भारतीय केंद्रावर आपल्या हवामान खात्याने हा ओझोन मोजला आहे.

आपल्या डोक्यावर असे छिद्र नाही. मात्र उष्ण कटिबंधात ओझोन मुळातच कमी आणि सूर्य माथ्यावर. म्हणून शेतात राबताना डोक्यावरचा रुमाल आणि दुपारची विश्रांती ही चैन नव्हे, ती गरज आहे.

१९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. अंटार्क्टिकावरील थर २०६६ च्या सुमारास पूर्ववत होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आज वसतिगृहात शिकणारी आपली मुले तेव्हा उतारवयाकडे झुकलेली असतील. एका पिढीने केलेली चूक दुसरी पिढी निस्तरते, तीही सर्वांनी मिळून वचन पाळले तरच.