पाळी बदलली तरी टिकणारी घरची उपासना

रोज रात्री आठला सगळ्या घरानं मिळून कौटुंबिक उपासना करावी, हा सल्ला उपदेशात हमखास मिळतो. पांडेसऱ्यात तो चालत नाही. इथे डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये आणि लूमच्या खात्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. आठच्या सुमारास एका घरातला बाप परतत असतो आणि शेजारच्या खोलीतला डबा घेऊन निघत असतो. आई दुपारभर साड्यांचे धागे कापते नाहीतर स्टोन चिकटवते, आणि माल उचलायला माणूस येतो तो नेमका संध्याकाळी. त्यात पोरांची ट्यूशन, पाण्याची वेळ, गावाकडचा फोन. नंदुरबार-नवापूरकडून सुरतेत आलेल्या ख्रिस्ती घरांत ‘थोडं निवांत झालो की सुरू करू’ म्हणता म्हणता वर्ष निघून जातं. निवांतपणा येणारच नाही, असं धरून ही कृती लिहिली आहे.

साहित्य

मोठ्या अक्षरांचं एक मराठी बायबल. मुलं गुजराती माध्यमात असतील तर एक गुजरातीही. ‘उपासना संगीत’ची एक प्रत. भिंतीवरचं कॅलेंडर आणि त्याला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. स्वयंपाकाच्या ओट्यावर झाकणाचा एक रिकामा डबा. मोबाइल या यादीत नाही. बायबलचं अ‍ॅप चांगलंच आहे, पण वचन काढता काढता वरून मेसेज टपकतो आणि घरातला मोठा माणूसच तो आधी उघडतो.

कृती

१. पहिला आठवडा काहीही सुरू करू नका, फक्त बघा. घरात कोणी आजारी असो, पाहुणे असोत, भांडण झालेलं असो, तरी रोज न चुकता काय होतं? पाणी भरलं जातं. डबा भरला जातो. रात्री दाराला कडी लागते. यांतली एक खुंटी निवडा आणि उपासना तिला टांगा. घड्याळाच्या वेळेला टांगलेली उपासना पाळी बदलली की खाली पडते. माझ्या मते डबा सगळ्यात भरवशाचा. पाळी दिवसाची असो की रातची, डब्याशिवाय माणूस बाहेर पडत नाही. पोळ्या फडक्यात गुंडाळून झाल्या, झाकण लागलं, आणि चपला पायात जायच्या आहेत, ती मधली काही मिनिटं आपली. दिवसपाळीच्या आठवड्यात उपासना सकाळी होईल, रातपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी. बिघडलं काय? अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशेनंही मुलांना शिकवायला वेगळा तास नेमून दिलेला नाही. घरातलं बसणं, वाटेवरचं चालणं, झोपणं-उठणं यांतच ते काम बसवलं आहे.

२. सात मिनिटांच्या वर जाऊ नका. एका गीताचं एक कडवं, दहा वचनांचं वाचन, एक प्रश्न, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. एवढंच. उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी अर्धा तास बसलेली घरं पंधरवड्यात थांबतात. गीतासाठी पेटी लागत नाही. नारायण वामन टिळकांची पुष्कळ भजनं आपल्या अभंगांच्या घाटाची आहेत, नुसत्या टाळीवर म्हणता येतात. शेजारी रातपाळी करून झोपला असेल तर त्या दिवशी गीत वगळा. मधली भिंत पातळ असते, आणि शेजाऱ्याची झोप मोडून केलेली स्तुती शोभत नाही. एरवी दार उघडं ठेवून म्हणायला हरकत नाही. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई बसते तेव्हा रात्रभर गाणी चालतात, ती आपणही ऐकतोच की.

३. वाचनाला मार्ककृत शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, आणि प्रसंग भराभर पुढे सरकतात. होड्या, जाळी, गर्दी, ताप आलेली सासू. उत्पत्तीपासून सुरू केलेलं वाचन लेवीयाच्या यज्ञविधींत अडकतं, हा बहुतेकांचा अनुभव. वचनं मोठ्यानं वाचायची. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं ते साध्या, कमी शिकलेल्या बायकांना समजावं म्हणून. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, ते केडगावच्या मुक्ती मिशननं छापून बाहेर काढलं. तोच निकष आपल्या घरी लावा: आजीला एकदा ऐकून कळलं नाही तर वाचणाऱ्यानं पुन्हा, सावकाश वाचायचं.

इथे एक अडचण हमखास येते. मुलाला मराठी बोलता येतं, वाचताना मात्र तो अडखळतो, कारण शाळा गुजराती. त्याला लाजवू नका. पाच वचनं आईनं मराठीत वाचावीत, पुढची पाच त्यानं गुजरातीत. फक्त पुस्तकांची नावं आधी दाखवून ठेवा. आपली स्तोत्रसंहिता गुजराती बायबलमध्ये ‘गीतशास्त्र’ या नावानं सापडते, आणि पोरगं उगाच पानं उलटत बसतं. संपूर्ण गुजराती बायबल १८२० च्या दशकात लंडन मिशनच्या स्किनर आणि फाइव्ही यांनी याच सुरतेत छापलं, हेही त्याला सांगा. आपल्या शहराचं नाव तिथे आहे म्हटल्यावर मुलं पुस्तक वेगळ्या नजरेनं हातात घेतात.

वाचून झालं की एकच प्रश्न: ‘तू तिथे असतास तर कुठे उभा राहिला असतास?’ उत्तर चुकीचं असू शकत नाही. त्यावर प्रवचन करू नका.

४. प्रार्थना एका वाक्याची, आणि त्यात एक नाव किंवा एक वस्तू हवी. ‘सर्वांना आशीर्वाद दे’ हे चालणार नाही. आजीचा गुडघा, उद्याचा गणिताचा पेपर, जेट मशीनवर हात भाजलेला पप्पांचा सोबती, तीन महिने न मिळालेला ओव्हरटाइम, असं काहीतरी. ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहा. महिना संपताना मागची पानं बघायची. काही गोष्टी झालेल्या असतात, काही नसतात, आणि मुलं नेमकं न झालेल्यांबद्दलच विचारतात. तिथे घाईनं उत्तर देऊ नये. ‘मलाही कळत नाही, आपण अजून मागू’ एवढं आईबापांनी म्हटलं तरी पुरे.

आणि एक पथ्य. देवाशी बोलत आहोत असं दाखवून मुलाला सुनावायचं नाही. ‘हे प्रभू, आमच्या या लेकराला मोबाइल बाजूला ठेवायची बुद्धी दे’ ही प्रार्थना देवापेक्षा लेकरालाच जास्त ऐकवलेली असते, आणि लेकराला ते कळतं.

५. वडील रातपाळीला असले म्हणजे ‘पप्पा नाहीत, आज राहू दे’ हे वाक्य घरातून काढून टाका. चालवणारा रोज बदलता ठेवा: आई, आजी, थोरली मुलगी, चौथीतला मुलगासुद्धा. ज्याची पाळी तो गीत निवडेल. वडिलांची सोय वेगळी करता येते. वाचलेला अध्याय आणि वचनं कागदाच्या चिठ्ठीवर लिहून डब्याच्या वरच्या खणात ठेवा. मशीनजवळ नाही, जेवणाच्या सुट्टीत ती उघडली जाते.

६. आईचं काय? ती या सात मिनिटांतही एक कान गॅसकडे लावून असते. तिनं आणखी एक शांत तास काढावा असं सांगणाऱ्यानं आधी भांडी घासून द्यावीत. पॅरिसच्या मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक आचारी होता; स्वयंपाकघरातल्या गडबडीतही आपण देवाजवळच असतो, एवढंच तो शिकवी, आणि त्याची पत्रं अजून वाचली जातात. धागे कापताना हे सोपं जातं, कारण हात कामात आणि डोकं रिकामं असतं. साडी बदलताना एक नाव घ्यायचं. पहिली साडी धाकटीसाठी, दुसरी गावच्या भावासाठी, तिसरी शेजारणीसाठी. गठ्ठा संपतो तोवर अख्खं गोत होऊन जातं.

ओट्यावरचा डबा इथे वापरायचा. भाताला तांदूळ घेतले की धुण्याआधी त्यातले मूठभर डब्यात टाका. मिझोरामच्या ख्रिस्ती बायकांनी १९१० मध्ये हा रिवाज सुरू केला, ‘बुहफाई थम’ म्हणतात त्याला, आणि त्या मुठी विकून आलेल्या पैशावर तिथल्या मंडळ्यांनी मोठमोठी कामं चालवली. आपल्याकडे महिनाअखेर डबा भरला की ज्या घरात मंदीमुळे खातं बंद पडलं आहे तिथे मुलाच्या हातून पाठवा. कोणाच्या घरी, हे मुलांनाच ठरवू द्या. त्यांना गल्लीतलं जास्त ठाऊक असतं.

७. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलासाठी वेगळी दहा मिनिटं. १७१२ सालच्या एका पत्रात सुझॅना वेस्लीनं नवऱ्याला आपली रीत कळवली आहे: रोज संध्याकाळी एका लेकराशी एकटीनं बोलायचं, गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. पुढे मेथडिस्ट चळवळ उभी करणारे ते हेच दोघे. थोराड झालेल्या जॉननं ऑक्सफर्डहून आईला पत्र लिहून त्या गुरुवारच्या वेळेतला थोडा भाग मागितला होता. एका खोलीच्या घरात एकांत मिळत नाही, म्हणून दळण आणायला, किराण्याला त्या दिवशी त्याच मुलाला बरोबर न्या. विषय काढू नका. परत येताना तोच काढतो.

८. भांडण झालेल्या दिवशी वाचन नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूनं वेदीपाशी आणलेलं दानसुद्धा ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवलं आहे. नवरा-बायकोचं वाजलं असेल तर मुलांना ते आधीच कळलेलं असतं, त्यामुळे हसरे चेहरे करून गीत म्हणणं फसवं वाटतं. फक्त प्रभूची प्रार्थना म्हणा. क्षमेची ओळ आली की घशात अडकते. अडकू द्या.

९. रविवार. सुट्टी रविवारीच मिळेल असं नाही. रातपाळी सुटून सकाळी घरी आलेल्या माणसानं पुन्हा आंघोळ करून उपासनेला जायचं म्हणजे अवघड, तरी दोन आठवड्यांतून एकदा तरी जा. घरची उपासना मंडळीची जागा घेत नाही. शनिवारी रात्रीच कपडे इस्त्री करून, दान खिशात घालून ठेवा. उपदेशात डोळा लागला तर लागू द्या. पाळकसाहेबांना आपली पाळी आधी सांगून ठेवली की ते समजून घेतात, आणि न आल्याबद्दल चौकशी करताना आवाजही बदलतो.

१०. गावी जाताना उधन्याहून ताप्ती लाइनच्या गाडीत बसलात की १२० ते १३४ ही आरोहणस्तोत्रं काढा. यरुशलेमेच्या वाटेवर यात्रेकरू म्हणत ती हीच. एक १३२ वं सोडलं तर सगळी फार तर नऊ वचनांची. बार्डोली, व्यारा, मग नवापूर, जिथे फलाट अर्धा गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात. दर स्टेशनाला एक असं वाचत गेलं की मुलांचं ‘अजून किती?’ जरा थांबतं.

११. चार दिवस खंड पडला तर बुडालेले अध्याय भरून काढू नका. खूण जिथे आहे तिथून पुढे.

१२. डिसेंबरला मार्क थांबवून लूक घ्या. चोवीस अध्याय आहेत. एक तारखेला सुरू करून रोज एक वाचला की चोवीसला संपतो. एवढे दिवस सात मिनिटांचा नियम मोडावा लागेल, लूकचे अध्याय लांब आहेत. अर्धा सकाळी आणि अर्धा झोपताना वाचा. सुरतेचा कापडधंदा दिवाळीत बंद राहतो, नाताळात नाही. तेव्हा पंचवीसची रजा दिवाळीनंतर कामावर हजर होतानाच सुपरवायझरकडे मागून ठेवा, आणि बदली येणाऱ्याला त्याच्या सणाची पाळी आपण करून देऊ असं तेव्हाच कबूल करा.