शट डाऊन करताना कॉम्प्युटर हँग होतो? बोर्डाचं बटण दाबण्याआधी हे वाचा

कॉम्प्युटर चालू झाला नाही की आपण लगेच धावाधाव करतो. पण तो बंद होत नसेल तर? कोणाला काहीच वाटत नाही. शट डाऊन म्हणायचं, पडद्यावर टिंबं गोल गोल फिरू लागली की दोन मिनिटं वाट बघायची आणि सरळ भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद! होस्टेलमध्ये आणि घरोघरी हेच चालतं. आपल्याला वाटतं, बंदच तर करायचा होता, झाला बंद. या लेखात हे 'झाला बंद' किती महागात पडू शकतं आणि दोष कसा शोधायचा ते पाहू.

आधी थोडा इतिहास. पूर्वीच्या कॉम्प्युटरला पंख्यासारखं साधं बटण असायचं. विंडोज ९५ मध्ये शट डाऊन केलं की 'आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाचा संदेश यायचा आणि बटण आपणच दाबायचं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स रचना आणली आणि वीज बंद करण्याचं काम मदरबोर्डकडे गेलं. डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय नावाचं मानक आलं, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच हार्डवेअरला 'आता झोप' असं सांगू लागली. सोय झाली, पण बंद होणं ही एक लांब साखळी बनली. तिची एक कडी अडली की सगळंच अडतं. विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये ही तक्रार इतकी वाढली की मायक्रोसॉफ्टला १९९९ मध्ये खास शट डाऊनसाठी वेगळी दुरुस्ती द्यावी लागली होती. म्हणजे आपला रोग जुना आणि खानदानी आहे!

बंद होताना काय घडतं?

ढोबळमानाने तीन टप्पे.

पहिला टप्पा : विंडोज प्रत्येक उघड्या प्रोग्रॅमला विचारतं, 'आवरलं का?' प्रोग्रॅम आपलं काम सेव्ह करून बाहेर पडतो.

दुसरा टप्पा : पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेस थांबतात, मेमरीत साठलेला मजकूर डिस्कवर लिहिला जातो आणि प्रत्येक ड्रायव्हरला आपलं यंत्र बंद करायला सांगितलं जातं.

तिसरा टप्पा : मदरबोर्ड वीज तोडतो.

आपण फाईल सेव्ह करतो तेव्हा ती त्याच क्षणी डिस्कवर जातेच असं नाही, थोडा वेळ मेमरीत थांबते. बोर्डाचं बटण नेमकं तेव्हा बंद केलं तर ती अर्धवट राहू शकते. एनटीएफएस आपल्या नोंदवहीतून डिस्कची रचना सावरून घेतं हे खरं, पण फाईलच्या आतला मजकूर परत आणण्याची हमी ते देत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री हे आठवलेलं बरं.

दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं?

आपल्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध, फॉरमॅट. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याआधी पुढच्या पायऱ्या क्रमाने करा.

१) कुठे अडतंय ते बघा. 'हा प्रोग्रॅम बंद होऊ देत नाही' अशी पाटी आली तर दोष पहिल्या टप्प्यात, त्यात प्रोग्रॅमचं नावही मिळतं. टिंबं फिरत राहिली तर दुसऱ्यात. पडदा काळा झाला पण पंखा आणि दिवा चालूच असेल तर बहुधा तिसऱ्यात. अपडेटची टक्केवारी दिसत असेल तर तो हँग नाही, त्याला हात लावू नका.

२) रीस्टार्ट करून बघा. विंडोज ८ पासून (२०१२) 'फास्ट स्टार्टअप' आलंय आणि ते बहुतेक कॉम्प्युटरवर आपोआप चालू असतं. त्यात शट डाऊन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर साठवून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर बंद होऊन नव्याने सुरू होतं. म्हणून रीस्टार्ट व्यवस्थित आणि शट डाऊन अडतं असं असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. नुसतं तपासायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक करा, तेवढ्यापुरतं पूर्ण बंद होतं.

३) यूएसबीची सगळी उपकरणं काढा. फक्त कीबोर्ड आणि माऊस ठेवा. आता नीट बंद झाला तर एकेक उपकरण परत लावत दोषी शोधा.

४) इव्हेंट व्ह्यूअर उघडा. त्यात 'सिस्टिम' या नोंदींमध्ये ४१ किंवा ६००८ हे आकडे दिसले तर मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता. त्याच वेळेच्या आसपासच्या लाल खुणा वाचा.

५) एमएसकॉन्फिगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवून बाकीच्यांपैकी निम्म्या बंद करा. दोष गेला तर तो त्या निम्म्यात, नाही तर उरलेल्यात. डेटा स्ट्रक्चर्समध्ये शिकलेला बायनरी सर्च हाच! सोळा सर्व्हिसेस असतील तर चार खेपांत एकीवर येता.

६) पडदा काळा पण पंखा चालू, असं राहिलं तर मदरबोर्डचा बायोस आणि चिपसेटचे ड्रायव्हर नवे आहेत का बघा.

रजिस्ट्रीतली 'वेट टू किल सर्व्हिस टाइमआऊट' ही वेळ कमी करा असा सल्ला पुष्कळ जण देतात. ती आजच्या विंडोजमध्ये मुळातच ५००० मिलिसेकंद, म्हणजे पाच सेकंद असते. ती आणखी कमी करणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर फोडणं.

एक खरी केस

माझी काकू घरी फराळाच्या ऑर्डर घेते. चकली कोणाला किती, ॲडव्हान्स किती, सगळं एक्सेलमध्ये. तिचा विंडोज १० चा कॉम्प्युटर रोज 'शटिंग डाऊन'वर अडायचा. हळूहळू घरात सवयच पडली, शट डाऊनवर क्लिक करायचं आणि लगेच बोर्ड बंद. दिवाळीच्या आठ दिवस आधी एका सकाळी ऑर्डरची फाईल उघडेचना. काकूच्या वहीत निम्म्या ऑर्डर होत्या, बाकीच्यांना फोन करकरून विचाराव्या लागल्या. काका म्हणाले, "अगं, तू इंजिनिअरिंगला ना? बघ जरा."

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जवळजवळ रोजची ४१ ची नोंद होती. फास्ट स्टार्टअप बंद केलं, फरक नाही. मग सगळ्यांना सांगितलं, आज बोर्डाला कोणी हात लावायचा नाही. चहा झाला, टिंबं फिरतच होती. साधारण दहा मिनिटांनी निळा पडदा आला : ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर. म्हणजे कुठल्यातरी ड्रायव्हरने 'बंद हो' या आज्ञेला उत्तरच दिलं नाही आणि विंडोजने वाट बघून शेवटी हात टेकले. खाली फाईलचं नाव होतं, ते वाय-फायच्या यूएसबी डाँगलच्या ड्रायव्हरचं निघालं. रोज दोन मिनिटांत वीज तोडल्यामुळे हा पुरावा कधी समोरच आला नव्हता. डाँगल काढून बघितला, कॉम्प्युटर चटकन बंद झाला. जुना ड्रायव्हर काढून नवा टाकला आणि प्रश्न मिटला. खर्च शून्य.

नव्या विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा निळ्याऐवजी काळा येतो, पण त्यावरचा मजकूर तितकाच उपयोगी असतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे तो वापरणाऱ्यांनी ड्रायव्हर बघतानाच पुढची तयारीही करावी.

अगदीच अडलं तर

पंधरा मिनिटं थांबूनही हालचाल नसेल, डिस्कचा दिवाही लुकलुकत नसेल, तर कॅबिनेटचं पॉवर बटण चार-पाच सेकंद दाबून धरा. वीज तीही तोडतेच, म्हणून हा शेवटचा उपाय समजा. पुढच्या वेळी चालू केल्यावर सी ड्राइव्हवर चेक डिस्क चालवा. आणि प्रोजेक्टची एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी मेलवर ठेवा.

कॉम्प्युटर शेवटच्या क्षणी जे सांगतो ते ऐकायला दहा मिनिटं द्या. बहुतेक वेळा दोषाचा पत्ता तो स्वतःच देतो.