सही करण्याआधी

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक तरुण येत असे. सोलापूरजवळच्या एका कारखान्यावर त्याला पहारेकऱ्याचे काम मिळणार होते. काम हंगामी, सहा महिन्यांचे. पण घरात चूल पेटणार होती.

ठेकेदाराच्या माणसाने अर्ज पुढे केला. तरुणाला तेव्हा सहीपुरतेच येत होते. त्या माणसानेच भराभर अर्ज भरला. अर्जात एक प्रश्न होता : "तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?" त्याने "नाही" असे लिहिले. तरुणाने खाली सही केली.

पहारेकऱ्याला ठेवण्याआधी त्याचे चारित्र्य तपासावे, असा सन २००५ चा कायदा आहे. त्याप्रमाणे चौकशी झाली. पोलिसांच्या दप्तरात जुनी नोंद निघाली. बांधावरून भावकीत मारामारी झाली होती. खटला चालला. कोर्टाने त्याला निर्दोष सोडलेही होते. तरी नोकरी गेली.

तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, ते भांडण तर कधीच मिटलं. मग माझं चुकलं कुठं?"

आम्ही म्हणालो, "बाबा, भांडण नडले नाही. कागदावरचे खोटे नडले. आणि ते खोटे तू वाचलेच नव्हतेस."

तो खाली बघत म्हणाला, "वाचलं असतं तरी लपवलंच असतं. आमच्या घरात पोलिसाचं नाव काढलं की सगळे गप्प होतात."

ही भीती जुनी आहे. त्याचा आजा सोलापुरात सेटलमेंटात वाढला. इंग्रज सरकारने सन १८७१ साली एक कायदा केला. त्याने कित्येक जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवले. अशा लोकांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. हजेरी द्यावी लागे. बाहेर जायला परवानगी लागे. माणसाने काय केले, हे कोणी विचारीत नसे. तो कोणाच्या पोटी जन्मला, एवढेच पाहत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला.

आज कायदा जन्म विचारीत नाही. ज्याची त्याची नोंद विचारतो. म्हणून नोंदीचे शब्द नीट ओळखले पाहिजेत.

गुन्हा दाखल होणे म्हणजे तक्रार लिहिली जाणे. खटला चालू म्हणजे निकाल अजून बाकी. निर्दोष सुटका म्हणजे कोर्टाने सोडले. शिक्षा म्हणजे गुन्हा शाबीत झाला. हे चारही शब्द वेगळे आहेत. अर्जात जे विचारले असेल, त्याचेच खरे उत्तर द्यावे.

सरकारी नोकरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सन २०१६ साली अवतारसिंग खटल्यात निकाल दिला. उमेदवाराने खरी माहिती द्यावी. गुन्हा किरकोळ असेल, तर लपवल्याची चूकही अधिकाऱ्यांना माफ करता येते. मात्र खरे सांगितले म्हणजे नोकरी मिळालीच पाहिजे, असे नाही. सर्व बाजू पाहून अधिकाऱ्यांनी ठरवावे.

मग आपण काय करावे? सुटका झाली असेल, तर कोर्टातून निकालाची नक्कल काढावी आणि जपून ठेवावी. कायद्याची अडचण आली, तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. तेथे गरिबांना, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना फुकट वकील मिळतो.

तो तरुण वर्षभर वर्गाला आला. पुढे दुसरे हंगामी काम निघाले. या वेळी अर्ज त्याने स्वतः वाचला, स्वतः भरला. "होय" असे लिहिले आणि निकालाची नक्कल जोडली. ठेकेदाराने ती पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि त्याला कामावर घेतले. सगळेच ठेकेदार असे करतील, असे आम्ही म्हणत नाही. पण त्या दिवशी त्याच्या सहीवरचे प्रत्येक अक्षर त्याचे स्वतःचे होते.

प्रश्न
१. तरुणाची पहिली नोकरी कशामुळे गेली?
२. "गुन्हा दाखल" आणि "शिक्षा" यांत फरक काय?
३. तुमच्या घरात न वाचता सही केलेला एखादा कागद आहे काय? तो आज काढून वाचा.